दोन एमबीच्या आत

पाथर्डीच्या स्टँडसमोर एका गाळ्यात आमच्या सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथं पाऊल टाकलं की नमस्काराच्या आधी प्रश्न यायचा, "वजन किती?" नवीन पोरं गोंधळायची. आमच्या बॅचच्या एकानं तर पहिल्या दिवशी इमानदारीत "बावन्न किलो" असं सांगून टाकलं होतं. सरांना वजन हवं असायचं ते पेनड्राइव्हमधल्या फाईलचं.

सर आधी एका साखर कारखान्यात काट्यावर होते. उसानं भरून आलेले ट्रक आणि बैलगाड्या तोलायच्या आणि पावती फाडायची, हे त्यांचं काम. काट्यावर कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे त्याच्यापासून चार हात लांब राहिले आणि सर एकटेच त्याच्यासमोर जाऊन बसले. पुढं कारखाना बंद पडला आणि सरांनी क्लास काढला. गाळ्यावर क्लासचं नाव मोठ्या अक्षरात रंगवलेलं होतं, पण ते कुणी कधी वाचलं असेल असं मला वाटत नाही. तालुक्यात 'काट्यावरचे सर' एवढं म्हटलं की पुरायचं. मीही इथं त्यांचं नाव लिहीत नाही. तो हक्क मी माझ्या हातानं घालवलाय.

उन्हाळा असो, हिवाळा असो, सरांच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. स्क्रीनला बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. काय दाखवायचं ते घरून आणलेल्या, काकूंच्या विणायच्या सुईनं दाखवायचे. भिंतीवर फळा होता, आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेली एक ओळ कधीही पुसली जायची नाही: 'दोन एमबीच्या आत.' त्यांच्या क्लासमधून कुठलंही प्रेझेंटेशन त्याहून जड होऊन बाहेर पडायचं नाही. पोरं मोबाईलवरचे फोटो जसेच्या तसे स्लाईडवर चिकटवायची, आणि दहा स्लाईडची फाईल शंभराच्या पुढं जायची. सरांना तो उद्धटपणा वाटायचा.

"समोरच्याचं मशीन जुनं असंल, त्याचं नेट चालत नसंल," ते म्हणायचे. "तुमी तुमचं ओझं त्याच्या डोक्याव टाकून मोकळं हुता. त्यानं काय पाप केलं?"

फोटो कापण्यावरून मी त्यांच्याकडं पहिला धडा शिकलो, आणि तो सगळ्या वर्गासमोर शिकलो. बायोडाटाच्या पहिल्या स्लाईडवर मला माझा फोटो हवा होता. स्टुडिओत जायचा कंटाळा म्हणून मी घरच्या एका फोटोतला माझा चेहरा तेवढा ठेवून बाकीचं कापून टाकलं. सरांनी वजन पाहिलं आणि भुवया वर केल्या. "एवढ्याशा तोंडाला एवढं वजन?" असं म्हणत त्यांनी कुठलंसं बटण दाबलं, आणि कापलेला सगळा फोटो पडद्यावर उलगडला. उसाच्या फडाकडेची आमची पाचटाची कोपी, दारात कोयता घेऊन उभा असलेला माझा बाप, डोक्याला फडकं बांधलेली आई, आणि मधे मी, सुट्टीत त्यांच्याकडं गेलेलो. त्याच बायोडाटात वडिलांच्या कामापुढं मी 'शेती' असं लिहिलं होतं.

सरांनी माझ्याकडं पाहिलं, फोटो परत होता तसा केला आणि वर्गाला सांगायला लागले, "बघा. कापलं म्हंजी गेलं असं वाटतं तुमाला. त्ये आतच असतंय. दिसत न्हाई, पर वजनात येतंय. नको असंल तर कापलेला भाग काढून टाक असं मशीनला येगळं सांगावं लागतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाळ्याच्या पांढऱ्या भिंतीपुढं उभं करून स्वतः फोटो काढून दिला. आईबापाबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांच्या समोर बसणाऱ्या निम्म्या पोरांचे आईबाप दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जाणारेच असायचे, हे त्यांना काय माहीत नव्हतं? मला मात्र त्या दिवसापासून त्यांची भीती वाटायला लागली. माझं दडवलेलं त्यांनी पाहिलं होतं ना.

आता सरांच्या वहीबद्दल सांगायला हवं. कारखान्यातून आणलेली लांबडी, पुठ्ठ्याची वही. तिच्यात चार रकाने आखलेले: अनुक्रम, शब्द, कुणी आणला, अर्थ. आमच्याकडं एक रिवाज पडून गेला होता. नगर, पुणे, चाकण, कुठंही इंटरव्ह्यू देऊन आलं की घरी जायच्या आधी सरांच्या गाळ्यात जायचं आणि तिथं ऐकलेला, पण न कळलेला शब्द सरांना आणून द्यायचा. नोकरी मिळाली की नाही हे सर नंतर विचारायचे. पहिला प्रश्न, "कोनता शब्द आनलास?" नवा शब्द आणणाऱ्याला चहा मिळायचा. जुना निघाला तर पाणी.

अर्थ ते कुठून कुठून शोधायचे, पण लिहायचे मात्र आपल्या भाषेत. 'नोटीस पिरियड: निघतो म्हटल्यावर पाहुणा दारात जो अर्धा तास काढतो तो.' 'टीम प्लेयर: टोळीत खाडा न करणारा.' 'घोस्टिंग: मुकादम फोन उचलत नाही.' 'स्ट्रेस इंटरव्ह्यू: वरपक्ष समजावे. ते बोलतील. आपण जेवणाचे बघावे.' 'हेडहंटर' या शब्दापुढं बरेच दिवस नुसतंच 'घाबरू नये' असं लिहिलेलं होतं. आणि 'फ्रेशर'पुढं लिहिलं होतं, 'ज्याला काम येत नाही तो नव्हे. ज्याला अजून कुणी दिले नाही तो.' ही ओळ मी तेव्हा हसून वाचली होती. आता कंपनीत कुणी तो शब्द तोंड वाकडं करून उच्चारला की मला ती आठवते.

एकानं 'एलेव्हेटर पिच' असा शब्द आणला. लिफ्टमध्ये साहेब भेटला तर तो खाली उतरेपर्यंत आपली सगळी माहिती सांगून व्हायला हवी, असा त्याचा अर्थ निघाला. आता पाथर्डीत लिफ्ट कुठून आणायची? सरांनी आम्हाला स्टँडवर नेलं. नगरची गाडी फलाटाला लागली की बोलायला सुरुवात करायची, आणि कंडक्टरनं डबल बेल द्यायच्या आत संपवायचं. सर खिडकीशी साहेब होऊन उभे राहायचे. बायका पिशव्या सांभाळत आमच्याकडं बघायच्या. एका आजीनं तर मला विचारलं, "काय रं, तिकिटाला पैसं न्हाईत का?" सर हसले नाहीत. "थांबलास का? साहेब उतरून गेला," म्हणाले.

एवढं सगळं ज्यानं केलं त्या माणसाला मी जे बोललो, ते आता लिहितो.

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत माझा शेवटचा राउंड होता. कॉलेजच्या प्रोजेक्टवर दहा मिनिटं बोलायचं होतं. माझा प्रोजेक्ट गिअरच्या दात्यांना पडणाऱ्या बारीक तड्यांवर होता. केसाएवढा तडा, तो फोटोत दिसला तरच पुढच्या सगळ्याला अर्थ. कंपनीनं प्रेझेंटेशन आधी मेलवर मागवलं होतं, आणि येताना पेनड्राइव्हही आणायला सांगितला होता. सरांनी दोन दिवस बसून माझे फोटो बारीक करून दिले. निघायच्या सकाळी मी गाळ्यावर पेनड्राइव्ह घ्यायला गेलो तर नगरची जीप भरत आलेली, ड्रायव्हर ओरडत होता. सर काहीतरी सांगत होते आणि मी मोबाईलवर कंपनीचा पत्ता शोधत "हो सर, हो सर" करत होतो.

तिथं टेबलापलीकडं तिघं बसले होते. मी पेनड्राइव्ह लावला, पहिली दिसली ती फाईल उघडली आणि बोलायला लागलो. तड्याची स्लाईड आली. मोठ्या पडद्यावर दात्याच्या जागी राखाडी ढग दिसत होता. मधल्या साहेबांनी विचारलं, "तडा कुठं आहे?" मी एका डागावर बोट ठेवलं. "हा तर तिकडंही आहे," दुसरा म्हणाला, आणि तिघंही हसले. पुढच्या आठ स्लाईडवर मी काय बोललो ते मला आठवत नाही. मला बाहेरच्या बाकावरसुद्धा बसायला सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत दीड तास मी धुमसत होतो. दोन एमबी. दोन एमबीच्या पायी माझं वाटोळं झालं. पाथर्डीला उतरलो आणि रिवाजाप्रमाणं गाळ्यात गेलो. आठनऊ पोरं बसली होती. सरांनी सुई खाली ठेवली आणि आनंदानं विचारलं, "कोनता शब्द आनलास?"

"रिजेक्ट," मी म्हणालो, आणि मग माझं तोंड सुटलं. तुमच्या काट्यापायी माझा तडा दिसला नाही म्हणालो. जन्मभर ऊस तोलला तुम्ही, फोटोतलं काय कळतं तुम्हाला, असं म्हणालो. पोरांच्या आयुष्याशी खेळता, असंही म्हणालो. पेनड्राइव्ह काउंटरवर आपटला.

सरांनी तो उचलला, मशीनला लावला आणि पडद्याकडं जरा वेळ बघत राहिले. मग काढून माझ्या हातात दिला. "चुकलं माझं," ते म्हणाले. उठले, ओल्या फडक्यानं फळ्याच्या कोपऱ्यातली ती ओळ पुसली, आणि पुन्हा जागेवर येऊन बसले. मला खरं सांगायचं तर तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं.

आठवड्याभरानं मित्राच्या मशीनवर तो पेनड्राइव्ह उघडला तेव्हा त्यात दोन फायली होत्या. एकीचं नाव '१ मेलला पाठवायची'. दुसरीचं '२ पडद्यावर लावायची'. दुसरी उघडली. तडा असा लख्ख दिसत होता की आंधळ्यालाही दिसला असता. त्यातला एक तड्याचा फोटो तेवढा सरांनी बारीक केला नव्हता, बाकीचे सगळे केले होते. मी घाईत पहिली उघडली होती, एवढंच.

तेव्हाच जायला हवं होतं. स्टँड दहा मिनिटांवर होता. पण आज जाऊ, उद्या जाऊ, नोकरी लागली की पेढे घेऊनच जाऊ, असं करत राहिलो. मग दुसऱ्या एका कंपनीत, नागापूरलाच, नोकरी लागली आणि पेढे घेऊन जायला आणखी लाज वाटायला लागली. गावी जाताना गाडी पाथर्डीच्या स्टँडवर थांबायची तेव्हा मी गाळ्याच्या उलट्या बाजूच्या खिडकीशी बसायचो. सात वर्षं मी असाच बसून गेलो.

यंदा गणपतीच्या आधल्या आठवड्यात आमच्या कंपनीत इंटरव्ह्यू होते आणि टेबलापलीकडं मी बसलो होतो. शेजारी आमचे मॅनेजर. एक मुलगी आली, पाथर्डीकडचीच. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मार्क उत्तम. उसाची मोळी ट्रकवर चढवायचं साधन, असा तिचा विषय होता. तिनं दिलेली फाईल आमच्या लॅपटॉपवर घेतली, उघडली, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत बसलं. पहिली स्लाईड कशीबशी आली. दुसरीवर लॅपटॉप अडकला. ती तोंडानं सांगू लागली, पण मॅनेजर घड्याळ बघत होते. दहा मिनिटं संपली.

"फोटो बारीक का नाही केले?" मी विचारलं. "कुठं शिकलात?"

"स्टँडसमोर सरांकडं, सर," ती म्हणाली. "सर समदं शिकवायचे, येवढं सोडून. म्हनायचे, माझ्या हातनं एका हुशार पोराचं नुकसान झालं, तवापासनं मी कुनाच्या फोटोला हात लावत न्हाई."

माझ्या हातातलं पेन थांबलं. मॅनेजर माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "मुलगी बरी आहे, पण कल्चर फिट वाटत नाही." मी मान हलवली. तिनं ते ऐकलं असावं. दारातून मागं वळली आणि विचारलं, "सर, कल्चर फिट म्हंजी काय हो?"

ते तिनं का विचारलं, हे त्या खोलीत फक्त मला कळलं. "नंतर सांगतो," मी म्हणालो. तिच्या कागदावर 'तयारी कमी' असा शेरा लिहिला आणि पुढच्याला आत बोलावलं.

त्या दिवसापासून मला नीट झोप लागेना, हे खरं. पण मी लगेच पाथर्डी गाठली असं कुणी समजू नये. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीची सुट्टी झाली, आणि मग एका रविवारी मी गेलो. गाळ्यात मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. उन्हाळ्यातच क्लास बंद झाला म्हणे. शेजारच्या टपरीवाल्यानं घर दाखवलं.

सर खाटेवर बसले होते. बाह्या मनगटापर्यंत बंद. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं लागलेली. काकू हळूच म्हणाल्या, "शुगरनं डोळं गेलं बघ." ते सरांनी ऐकलं. "जनमभर साखरंच्या पायी काट्याव बसलो," ते म्हणाले, "तिनंच शेवटी डोळं न्हेलं. कोन हाय?"

मी नाव सांगितलं. मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी विचारलं, "वजन किती?"

मला रडू आवरलं नाही. खाटेशी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. दुसरी फाईल होती सर, मीच उघडली नाही, आठ दिवसांत मला कळलं होतं, तरी मी आलो नाही.

"ठावं हाय मला," सर म्हणाले. "तू पेनड्राइव आपटलास तवाच बघितलं. दोनी फायली जागच्या जागी हुत्या. तू म्हनलास तडा दिसला न्हाई. दुसरी लावली असती तर दिसला नसता व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"पोरं बसली हुती की. त्यांच्यासमोर काय म्हनू तुला, नाव वाचता येत न्हाई का म्हनून?" त्यांनी हात झटकला. "आन् मला बी वाटलंच की. घाईच्या मानसाच्या हातात दोन फायली दिल्या, ती चूक माझीच. जाऊ दे त्ये. माझं तवाच मिटलं. आज कशापायी आलास?"

मी त्या मुलीचं सांगितलं. सांगता सांगता सरांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी काकूंना वही आणायला लावली. शेवटच्या पानावर काकूंच्या अक्षरात एक ओळ होती. शब्द: कल्चर फिट. आणणारीचं नाव होतं. अर्थाचा रकाना रिकामा.

"गनपतीत फोनवं सांगितला तिनं," सर म्हणाले. "अर्थ घावंना. तू साहेब हाईस, तू सांग."

खोटं सांगावंसं वाटेना. "टेबलापलीकडच्यांना जो आपल्यातला वाटतो, तो," मी म्हणालो.

"मंग तू हुतास की तिथं."

"होतो."

"घेतली तिला?"

"नाही, सर."

"तू काय लिव्हलंस तिच्या कागदाव?"

मी सांगितलं. सरांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी एवढं बोललो होतो तेव्हाही त्यांनी माझ्याकडं पाठ केली नव्हती. काकू आत निघून गेल्या. भिंतीकडं तोंड ठेवूनच सर म्हणाले, "फाईल हाय का तुझ्याकडं?"

फाईल लॅपटॉपमध्येच होती, आणि लॅपटॉप बाहेर गाडीत. "आन," ते म्हणाले.

या वेळी घाई नव्हती. बराच वेळ लागला, पण फाईल उघडली. सर सांगत गेले आणि मी करत गेलो, सात वर्षांपूर्वीसारखं. फोटोवर जा. बारीक कर. एकदम समद्यांना लावू नको, एकेक बघ. ज्यात बारीक काम दाखवायचं हाय त्यो र्‍हाऊ दे. प्रत्येक फोटोला ते विचारायचे, "काय हाय त्यात?" आणि मी सांगायचो. चाकांवरची, घडी होणारी शिडी. तिच्यावरून मोळी वर ओढायची कप्पी. सगळी मापं तिनं हातानं काढून लिहिली होती. मी क्वालिटीचा माणूस, सवयीनं आकडे तपासत गेलो. कोन बरोबर होता, वजन बरोबर धरलं होतं.

"चालंल का त्ये?" सरांनी विचारलं.

"चालेल, सर. चांगलं चालेल."

मग एक फोटो आला. ट्रकला टेकवलेली अरुंद फळी आणि तिच्यावरून डोक्यावर मोळी घेऊन चढणारी एक बाई. खाली लिहिलं होतं, 'सध्याची पद्धत'. एवढाच फोटो, पण त्याचं वजन सगळ्यांत जास्त.

"कापलाय त्यो," सर लगेच म्हणाले. "उलगड."

मी बटण दाबलं. फळीच्या खालच्या टोकाशी दुसरी मोळी डोक्यावर घेऊन, वर चढायची वाट बघत ती मुलगी उभी होती. अंगात कॉलेजचा शर्ट. फोटो काढणाऱ्याकडं बघून हसत होती.

"काय हाय?" सरांनी विचारलं.

"ती आहे, सर. स्वतः."

मशीनला पुढचं काय सांगायचं ते मला तोंडपाठ होतं. कापलेला भाग काढून टाकायचा, की वजन उतरतं. माझं बोट तिथंच थांबलं होतं.

"न्हाई काढायचा," सर म्हणाले. "र्‍हाऊ दे तिला. फोन लाव."

तिच्या बायोडाटात दोन नंबर होते. पहिला लागेना. दुसऱ्यावर एका म्हातारीचा आवाज आला. मी फोन स्पीकरवर टाकला, नगरच्या कंपनीतून बोलतोय म्हणालो आणि मुलीचं नाव सांगितलं.

"ती न्हाई वं साहेब," म्हातारी म्हणाली. "टोळीसंगं गेली दसरा झाल्याव. तिच्या आईचं गुडघं गेलं. नवराबायकूचा मिळून एक कोयता, बापाचा यकट्याचा अर्धाच पडाय लागला. मंग ती गेली. लई रडली पर गेली. कर्नाटकात हायेत कुटंतरी. आता कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला की येतील माघारी. तवा करा फोन. नोकरीचं हाय का?"

मी "हो" म्हणालो, आणि फोन ठेवला. तसं म्हणायचा मला काय अधिकार होता, कुणास ठाऊक. आमची जागा तर गणपतीतच भरली होती.

"तुझ्याकडं इंटरव्यू कवा झाला हुता तिचा?" सरांनी विचारलं.

"गणपतीच्या आधी."

"आन् टोळ्या दसऱ्याला निघाल्या." ते बोटावर मोजत होते. "म्हैना हुता तुझ्याकडं."

"हो, सर."

काकूंनी चहा आणून ठेवला. सरांनी तो बशीत ओतला आणि बशी हातात धरून बसून राहिले. वही खाटेवर उघडीच पडली होती. मी लॅपटॉप आवरायला घेतला. बदल सेव्ह करायचे का असं त्यानं विचारलं, मी हो केलं. तो एक फोटो जड ठेवूनसुद्धा फाईल दोन एमबीच्या आत आली होती. तेवढं मी सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.